एकशे पन्नासावा डॉक्टर

कोल्हापूर
१२ जून १९९४

प्रिय आक्का,
सप्रेम जयभीम.

नोकरी लागली. औषध कंपनीत एम.आर., म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह म्हणून. हे काम काय असतं ते आईला अजून नीट सांगता आलेलं नाही. ती पेठ वडगावात सगळ्यांना सांगते की पोरगा डॉक्टरांना औषधं शिकवतो. मी तिला थांबवत नाही.

खरं काम बसण्याचं आहे. टाय लावून, पेशंटच्या बाकावर, पेशंटच्या मागे. बी.एस्सी. होऊन मी बसायला शिकतो आहे. परवा वडगावातच एका दवाखान्यात गेलो. कंपाउंडर हंबीरराव म्हणाले, "पावणं, बसा. डॉक्टर जेवाय बसल्यात." दीड तासानं मी विचारलं, "झालं का जेवण?"

"जेवान कवाच झालं. आता निजल्यात." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी मधाळ्यांचं धाकटं न्हवं? ह्यो पट्टा कशाला बांधलाय गळ्यात? वळकू येईना की."

शेवटी डॉक्टर उठले. मी पाठ केलेलं भाषण पावणेदोन मिनिटांचं आहे. त्यांनी ते चष्मा पुसत ऐकलं आणि विचारलं, "पेन आणलंय का?" होतं. दिलं. त्या दिवसातलं माझं यश एवढंच.

कोल्हापूर शहराचा एक तुकडा, वडगाव, मलकापूर आणि तुझं आजरा, एवढा माझा भाग. आई म्हणत होती की सरकारी दवाखान्यातली नर्सची नोकरी सांभाळून तू दर रविवारी समाजमंदिराच्या खोलीत लोकांना फुकट औषधपाणी करतेस. मग आपणही काही करावं असं मला वाटलं. माझी बॅग सॅम्पलांनी भरलेली असते. डॉक्टरांना नमुना म्हणून फुकट द्यायची औषधं. त्यातलं एक खोकं एस.टी.नं पाठवलं आहे. घरातला पहिला टाय आणि पहिला दाता, दोन्ही एकाच महिन्यात.

तुझा,
प्रसेनजीत


आजरा
२५ जून १९९४

प्रिय प्रसेनजीत,
जयभीम.

खोकं पोचलं. कंडक्टर म्हणाला, "बाई, पेढं हायत काय?" मी त्याच्यासमोरच उघडलं. तो निराश झाला. थोडी मीही झाले.

रक्तदाबाच्या गोळ्या, दोन-दोनच्या पट्ट्या. मधुमेहाच्याही दोन-दोन. एक भारी अँटिबायोटिक, तीन-तीन कॅप्सूल. आणि तरतरी येण्याचं टॉनिक, अंगठ्याएवढ्या बाटल्यांत, अठ्ठावीस.

अरे, मी डॉक्टर नाही. जखमा धुते, पट्ट्या बदलते. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध ज्यांना घेणं होत नाही त्यांना ते देते, असलं तर. दोन गोळ्यांनी रक्तदाब दोन दिवस गप्प बसतो. तिसऱ्या दिवशी तो माणूस माझ्या दारात उभा राहतो. तीन कॅप्सूलनी जंतू मरत नाहीत, सावध होतात. खोली झाडते ती बयाबाई, किल्लीही तिच्याकडेच असते. तिनं टॉनिकची बाटली उन्हात धरली. म्हणाली, "ह्ये कुणाला? भावलीला पाजायचं व्हय?"

मला लागतं ते सांगते. लोहाच्या गोळ्या. जंताच्या गोळ्या. खरजेचं औषध. जुलाब झालेल्यांना पाण्यात घालून द्यायची पाकिटं. कापूस, बँडेज. हे तुझी कंपनी बनवत नसेल तर टाय पाठव. हात मोडलेल्याच्या गळ्यात झोळी म्हणून चालेल.

एक विचारायचं आहे. ही औषधं डॉक्टरांना द्यायची, असं तूच लिहितोस. मग मला कशी दिलीस? कंपनीला माहीत आहे ना?

आक्का


कोल्हापूर
४ सप्टेंबर १९९४

प्रिय आक्का,
जयभीम.

कंपनीला माहीत आहे. तुझं नाव त्यांच्या कागदावर आहे. काळजी करू नको.

तुझी यादी खिशात घेऊन फिरतो. त्यातलं एकही औषध आम्ही विकत नाही. आमची कंपनी फक्त सावकाश बरे होणाऱ्या लोकांसाठी काम करते. पण सी.पी.आर.च्या मोठ्या सरकारी दवाखान्यासमोर एक चहाचा गाडा आहे. सकाळी नऊला गावातले सगळे एम.आर. तिथं जमतात. तिथं मला बाजार सापडला. माझ्या तीन कॅप्सूल देऊन मी लोहाच्या तीस गोळ्या घेतल्या. टॉनिकला तर भाव आहे. एकानं सहा बाटल्यांवर खरजेचं औषध दिलं, पुरी बाटली. तो म्हणाला, "सासऱ्याला पायजे, कुणाला सांगू नको." मी कुणाला सांगितलं नाही. तुला लिहितो आहे ते वेगळं.

धंद्यात मी सुधारतो आहे असं वरचे म्हणतात. आमचे मॅनेजर सयाजी सर. सातारकडचे. आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा लागतो. त्यांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. का घेतलं ते पुढं कधीतरी सांगेन.

खोकं क्रमांक तीन पाठवलं आहे. या वेळी सगळं पुरं आहे. टाय पाठवला नाही, एकच आहे.

प्रसेनजीत


आजरा
९ जानेवारी १९९५

प्रिय प्रसेनजीत,
जयभीम.

खोकी पोचतात. खरजेची रांग निम्म्यावर आली. लोहाच्या गोळ्या नीट घेतात की नाही ते पाहायला मी बायकांना रिकाम्या पट्ट्या परत आणायला सांगते. बायडाबाईनं पट्टी परत आणली, गोळ्या कोंबड्यांना घातल्या होत्या. अंडी लाल होतील म्हणून.

तुझ्या कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसातून माझ्या नावे पाकीट आलं. नव्या वर्षाचं कार्ड आणि १९९५ची डायरी. निळी, जाड कागदाची. वर सोनेरी अक्षरांत छापलं आहे: डॉ. पी. मधाळे, आजरा.

कारकुनानं चूक केली असणार. नर्स लिहायचं ते डॉक्टर लिहिलं. पोस्टमन मोठ्यानं वाचत आला आणि दवाखान्यात दोन दिवस सगळ्यांनी मला डॉक्टरीणबाई म्हणून हाक मारली. मी रागावले. तू त्यांना दुरुस्त करायला सांग.

डायरी परत पाठवायला टपालाला जास्त पडेल, म्हणून ठेवली आहे.

आक्का


कोल्हापूर
५ मार्च १९९५

प्रिय आक्का,
जयभीम.

कारकुनाची चूक नाही. माझी आहे. हे पत्र चार वेळा लिहून फाडलं, पाचव्यांदा अक्षर तरी चांगलं आलं आहे.

आम्हाला प्रत्येकी दीडशे डॉक्टरांची यादी भरून द्यावी लागते. त्यांना महिन्यातून एकदा भेटायचं, कुणाला काय सॅम्पल दिलं ते रोजच्या रिपोर्टात लिहायचं. माझ्या भागात हिंडून हिंडून मला एकशे एकोणपन्नास सापडले. एक रकाना रिकामा राहिला. त्याच आठवड्यात मला तुला खोकं पाठवायचं होतं. मी लिहिलं: डॉ. पी. मधाळे, आजरा. शिक्षणाच्या रकान्यात एम.बी.बी.एस. लिहिलं. एम.डी. लिहिणार होतो, पण मग भीती वाटली. माझी प्रामाणिकपणाची हद्द तिथं लागली.

इथपर्यंत ठीक होतं. पण रिपोर्टात डॉक्टर काय म्हणाले तेही लिहावं लागतं. बाकीचे एकशे एकोणपन्नास काहीच म्हणत नाहीत, पेन मागतात. म्हणून मी तुझी पत्रं उतरवून काढली. 'दोन गोळ्यांनी रक्तदाब दोन दिवस गप्प बसतो, असं डॉक्टरांचं मत.' 'तीन कॅप्सूलनी जंतू सावध होतात, असा डॉक्टरांचा इशारा.' मुंबईला ते फार आवडलं. सयाजी सरांनी मीटिंगमध्ये तुझी वाक्यं मोठ्यानं वाचली. म्हणाले, "डॉक्टरशी असं बोलणं व्हायला पायजे. नाहीतर तुम्ही, नुसतं पेन वाटत हिंडताय." शिवाय तू फक्त रविवारी भेटतेस असं मी लिहिलं होतं. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी काम करणारा मुलगा म्हणूनही माझं नाव झालं.

आता सर येत आहेत. २६ मार्चला, रविवारी. त्यांना डॉ. मधाळेंना भेटायचं आहे.

आक्का, तू फक्त अर्धा तास पांढरा कोट घालून बस. बोलू नको. दमलेले डॉक्टर बोलत नाहीत, मी दीडशे पाहिले आहेत. म्हणजे एकशे एकोणपन्नास. हे जमलं नाही तर नोकरी जाईल. आईनं वडगावात जे सांगून ठेवलंय ते तुला माहीत आहे. आणि खोकीही थांबतील.

प्रसेनजीत


आजरा
१४ मार्च १९९५

प्रसेनजीत,

मी कोट घालणार नाही.

मी सरकारी नर्स आहे. डॉक्टर म्हणून बसले तर माझी नोकरी जाईल आणि खोलीला कुलूप लागेल. ते बरोबरच होईल. खोलीत येणारी माणसं मी सांगते ते ऐकतात, कारण मला जे येत नाही ते मी येत नाही म्हणून सांगते. तेवढंच माझ्याकडे आहे.

दुसरं, तुला माहीत नसेल. बारावीला मला मार्क होते. मेडिकलला गेले असते. आमचे आण्णा म्हणाले, इतकी वर्षं कोण थांबणार, नर्सिंगला लवकर हाताशी येशील. आले हाताशी. त्याबद्दल मी कुणाशी बोलले नाही आणि आता तुझ्याशीही बोलत नाही. पण डॉक्टर व्हायचं ते अर्ध्या तासासाठी, तुझ्या साहेबासमोर, तोंड मिटून, हे मला जमायचं नाही.

माझी पत्रं तू साहेबाला वाचायला दिलीस. पुढच्या वेळी विचार. मी अक्षर नीट काढीन.

रविवारी ये. साहेबांना आण. मी नेहमीसारखी असेन. जे लिहिलंस ते तूच खोड.

आक्का


कोल्हापूर
२ एप्रिल १९९५

प्रिय आक्का,
जयभीम.

खोलीत काय झालं ते तू पाहिलंस. त्याच्या आधीचं आणि नंतरचं लिहितो.

गाडीत मी सांगणारच होतो. उत्तूरपर्यंत तीनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा सर म्हणाले, "खिडकी लाव, धूळ येती." दुसऱ्यांदा म्हणाले, "तुझ्यासारखी चार पोरं असती तर मी आज मुंबईला असतो." तिसऱ्यांदा मीच तोंड मिटलं.

समाजमंदिराच्या पायरीवर बयाबाई होती. सरांनी विचारलं, "डॉक्टर मधाळे आहेत का?"

"डाक्टर? हितं कुठनं आलाय डाक्टर. बाई हाय. नंबर लावा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी टायकडे पाहिलं. मग ते खरोखरच नंबरात बसले. चौदावा होता. मला वाटलं, उठून जातील. पण ते जुने एम.आर. आहेत, बाक दिसला की बसतात. मी पंधरावा. त्या दोन तासांत मी त्यांना सगळं सांगितलं. पुढं बसलेल्या म्हाताऱ्यानंही ऐकलं. तो मध्येच म्हणाला, "आरं, पर खरजंचं औषध गुणाचं हाय की."

पुढचं तुला माहीत आहे. तू म्हणालीस, "मी नर्स. डॉक्टर यानं केलंय मला, कागदावर." आणि सरांना काही बोलायला वेळ न देता बँडेजचं टोक त्यांच्या हातात दिलंस. धरा म्हणालीस. त्यांनी धरलं. सरांना कुणी काही सांगितलं आणि त्यांनी ते मुकाट्यानं केलं, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

परत येताना उत्तूरला चहा घेतला. सर म्हणाले, "माझे सहा होते. वाईला होतो तेव्हा. सहा डॉक्टर, सगळे मनातले. त्यातला एक मला नंतर मारावा लागला. हार्ट अटॅक. कंपनीनं घरच्यांना शोकसंदेश पाठवला."

मी हसलो. मला वाटलं सुटलो.

"राजीनामा उद्या दे," ते म्हणाले.

"सर, मग त्या सहांचं काय झालं?"

"मी सापडलो नाही."

काढून टाकल्याची नोंद केली नाही, राजीनामाच लिहून घेतला. म्हणजे दुसरीकडे दार उघडं राहील. डॉक्टर मधाळेंची बदली झाली म्हणून वर कळवतो म्हणाले. तुझ्या बदलीबद्दल अभिनंदन.

आईला अजून सांगितलेलं नाही. रोज टाय लावून घराबाहेर पडतो आणि गाड्यावर चहा पितो. आता माझ्याकडे बदलायला काही नाही, तरी ते लोक मला बसू देतात.

प्रसेनजीत


आजरा
१७ एप्रिल १९९५

प्रिय प्रसेनजीत,
जयभीम.

काकीला, तुझ्या आईला, कळलं आहे. तिचं पत्र आलं. तुझी नोकरी मी घालवली असं ती लिहिते. अर्धा तास गप्प बसली असती तर काय झिजलं असतं, असंही लिहिते. मी तिला उत्तर दिलेलं नाही. त्या अर्ध्या तासाचा मी रोज थोडा विचार करते. पुन्हा तेच करीन. पण विचार करते.

तू महिन्यातून दोन रविवार इकडे ये. बसायची सवय तुला आहेच. दाराशी बसून नावं लिहून घे, कुणाला काय झालंय ते विचार. भाषण करू नको. माणूस बोलायचा थांबला की लगेच तू सुरू होतोस, तसं करू नको. थोडं थांबलं की तो पुढचं बोलतो. खरा आजार बहुतेक तिथंच असतो.

वही माझ्याकडे आहे. तू फक्त ये.

आक्का


मलकापूर
८ फेब्रुवारी १९९८

प्रिय आक्का,
जयभीम.

गेल्या दोन रविवारी आलो नाही, त्याचं कारण लिहितो. मलकापूरला एक नवं हॉस्पिटल होतंय. वीस खाटा, सलाईनचे स्टँड, ड्रेसिंगच्या ट्रॉल्या. आमच्या सर्जिकल दुकानासाठी एवढी मोठी ऑर्डर पहिलीच. दोन आठवडे इथंच मुक्काम.

मिळाली. कशी ते ऐक. खाट वर-खाली कशी होते ते दाखवायला मी तिच्यावर आडवा झालो. डॉक्टर आणि त्यांची बायको हँडल फिरवत होते. पहिलाच दिवस, सकाळी पाचची गाडी पकडली होती. मला झोप लागली. जागा झालो तेव्हा दोघं बाजूला उभे राहून चहा पीत होते. डॉक्टर म्हणाले, "खाट चांगली आहे." कंपनीनं छापलेलं माहितीपत्रक बारा पानांचं आहे, त्यात हा मुद्दा नाही.

दुसरं कारण तू आहेस. आता मी गेल्या गेल्या बोलत नाही. तुमची अडचण काय म्हणून विचारतो आणि थांबतो. लोक सांगतात. वीसपैकी सहा खाटा त्यांना लागणारच नव्हत्या, ते मीच त्यांना सांगितलं. मालकांनी फोनवर माझी हजेरी घेतली. आठवड्याभरात त्याच डॉक्टरांनी पन्हाळ्याच्या आपल्या मेव्हण्याला माझ्याकडे पाठवलं. मालक आता म्हणतात की ही युक्ती त्यांचीच.

गाड्यावरची बातमी. आता तिथं बाकड्याखाली एक पत्र्याचा डबा असतो. ज्याच्याकडे पुरा कोर्स उरेल, लोह असेल, जंताचं असेल, तो त्यात टाकतो. शनिवारी मी रिकामा करतो. डब्याला नाव पडलंय डॉक्टर मधाळे. "आज डॉक्टरांना भेटलास का?" असं एकमेकांना विचारतात. माझ्या जुन्या कंपनीची पोरंही टाकतात. मी त्या कंपनीला काही दिलं असेल तर हे.

येत्या रविवारी येतो.

प्रसेनजीत


आजरा
१२ फेब्रुवारी १९९८

प्रिय प्रसेनजीत,
जयभीम.

तू झोपल्याचं बयाबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "कायबी म्हन, पोरगं इमानदार हाय. खाट बगूनच निजलं."

डब्याचं नाव बदला. मला आवडलेलं नाही.

तू नसताना रांगेतली नावं मी लिहिली. तुझ्याएवढं नीट होत नाही. येताना जुने पेपर आण, वह्यांना कव्हरं घालायची आहेत.

आक्का


कोल्हापूर
२० नोव्हेंबर २००५

प्रिय आक्का,
जयभीम.

फोनवर तू "बरं" म्हणतेस आणि ठेवतेस. म्हणून पत्र लिहितो. बऱ्याच वर्षांनी लिहितो आहे, अक्षर बघ काय झालंय.

जूनमध्ये सयाजी सर रिटायर झाले आणि त्यांच्या जागी त्यांनी मला बोलावून घेतलं, हे तुला माहीत आहे. काय म्हणाले ते सांगितलं नव्हतं. मुंबईच्या साहेबांसमोर म्हणाले, "खोटा डॉक्टर ओळखायला याच्यासारखा माणूस जिल्ह्यात नाही." त्यावर माझी नेमणूक झाली. दहा वर्षांपूर्वी ज्या गुणावर गेलो, त्याच गुणावर परत आलो.

आता सगळ्या याद्या कॉम्प्युटरवर चढवायच्या आहेत. प्रत्येक डॉक्टर खरा आहे अशी मॅनेजरनं सही करायची. गेल्या मंगळवारी प्रीती यादी घेऊन आली. आजऱ्याचा भाग तिच्याकडे आहे. हुशार मुलगी, माझ्यापेक्षा चांगलं बसते. मी चष्मा लावून वाचत गेलो. एकशे पन्नासावं नाव: डॉ. पी. मधाळे, आजरा. एम.बी.बी.एस.

अक्षर टाईपचं होतं, तरी मला माझं वाटलं.

सर बदली कळवायला विसरले होते. माझ्यानंतर चार जण आले. प्रत्येकाला यादी आधीच्याकडून मिळाली. गाड्यावरच्या डब्यात जे टाकलं ते कुणाला दिलं म्हणून दाखवायचं? डॉक्टर मधाळेंना. दहा वर्षं चार पोरांनी तुला दर महिन्याला भेट दिली आहे. शेरे वाचले. 'स्वभाव शांत.' 'वेळेच्या पक्क्या.' एकानं लिहिलंय, 'वयोमानानुसार पेशंट कमी.' तो तुला कधी भेटला असता तर हे लिहायचं धाडस झालं नसतं.

मी प्रीतीला केबिनमध्ये बोलावलं. आवाज सयाजी सरांसारखा काढला. "हे डॉक्टर कोण?"

ती म्हणाली, "सर, तुम्हालाच माहीत असणार. डबा तुम्हीच ठेवलाय न्हवं?"

मी तिला चहा पाजला.

आता अडचण अशी. सही केली तर तेच खोटं मी दुसऱ्यांदा लिहिलं, या वेळी पगार जास्त घेऊन. नाव नुसतं काढलं तर डबा बंद, आणि चौकशी झाली तर प्रीतीवर येणार. म्हणून मी तिसरं केलं आहे. नाव काढलं. मुंबईला पत्र लिहिलं की हा डॉक्टर १९९४ साली मी जन्माला घातला, या मुलीचा आणि तिच्या आधीच्यांचा दोष नाही. पुढं लिहिलं की आजऱ्याला समाजमंदिरात रविवारची एक खोली आहे, ती एक नर्स चालवते, औषधं सरकारी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जातात. कंपनीनं तिथं उघडपणे, पुरे कोर्स द्यावेत. खोलीचं नाव यादीत घालायला गेलो तर कॉम्प्युटर शिक्षणाचा रकाना रिकामा ठेवू देईना. मी तो तसाच सोडला. तो अजून लाल दिसतोय.

उत्तर आलेलं नाही. जे येईल ते दोनपैकी एक. एकाच डॉक्टरच्या पायी दोनदा नोकरी गेलेला मी कोल्हापुरातला पहिला असेन. माझी श्रुती यंदा पहिलीला आहे, तिच्या आईला मी अजून सांगितलेलं नाही. सवय जात नाही. पण टाय लावून गाड्यावर बसायची वेळ आली तर या वेळी घरी सांगून बसेन.

तुझं नाव न विचारता घातलं होतं, न विचारता काढलं. दोन्हीबद्दल रागव.

प्रसेनजीत


आजरा
२८ डिसेंबर २००५

प्रिय प्रसेनजीत,
जयभीम.

तुला मुंबईहून कळलं असेलच. मला काल पत्र आलं. पाकिटावर लिहिलं आहे: श्रीमती प्रियदर्शनी मधाळे, परिचारिका, रविवारची खोली, समाजमंदिर, आजरा. त्या कंपनीनं माझं नाव पहिल्यांदाच बरोबर लिहिलं. मी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. आत एकच पान. वर्षाला कोणती औषधं किती लागतात ते कळवा, पूर्ण कोर्स पाठवू, डॉक्टरांची चिठ्ठी जोडत जा. आणि खाली, आमचे मॅनेजर श्री. प्रसेनजीत मधाळे यांना सक्त ताकीद देण्यात आली आहे.

ताकीद मिळाली म्हणजे नोकरी आहे. मी बयाबाईला तसं सांगितलं. ती आता झाडत नाही, नुसती पायरीवर बसते. म्हणाली, "मग टाय असू दे त्येचा."

आता मला एक सांगायचं आहे. तू काकीला सांगितलं नाहीस, बायकोला सांगितलं नाहीस, असं लिहितोस. मीही तुला सांगितलं नव्हतं.

तुझा तो डॉक्टर यादीत आहे हे मला ठाऊक होतं. दर जानेवारीला डायरी येत होती. निळी, कधी तपकिरी, वर सोनेरी नाव. पोस्टमनला मी सांगून ठेवलं होतं, मोठ्यानं वाचायचं नाही. परत पाठवायला हवी होती. तुला तरी कळवायला हवं होतं. दर वर्षी ठरवायचे, पुढच्या वर्षी कळवू. शहाण्णवपासून आतापर्यंत दहा झाल्या. रविवारची वही म्हणून त्याच वापरल्या. वर पेपरचं कव्हर घालून. दाराशी बसून तू ज्या वह्यांत नावं लिहितोस, त्या या. पेपरही तूच आणून दिलेस.

तुला कोट घालणार नाही म्हणून लिहिणारी मी. हस. मीही दोन दिवस हसते आहे.

यंदा डायरी येणार नाही, हे पत्र वाचून झाल्यावर लक्षात आलं. येत्या रविवारी एक तारीख आहे आणि वही नाही. बाजारात जाणार होते. मग पंच्याण्णवची आठवली. पहिली. ती मी कधी वापरली नाही. ट्रंकेत साड्यांखाली कोरी आहे. काढली, भिंतीवरचं नवं कॅलेंडर शेजारी ठेवलं आणि वार लावून पाहिले. पंच्याण्णवचे रविवार दोन हजार सहाचे रविवार म्हणून बरोबर बसतात, वर्षभर, एकही हलत नाही.

तीच घेते. सोनेरी अक्षरं अजून तशीच आहेत. खोडली नाहीत. तू येताना पेपर आण, कव्हर घालू.

आक्का